स्वयंपाकघरातलं रोमिंग

आर्जेंटिनात मी आयुष्यात तीनदा गेलोय. एकदा दाढ काढायला, एकदा मेहुण्याच्या आग्रहाखातर, आणि एकदा होडीत डुलकी लागली म्हणून. फोन कंपनीचं म्हणणं मात्र असं, की एकट्या नोव्हेंबरात मी तिथे एकोणीस दिवस राहिलो आणि रोज चार-पाचदा उरुग्वेतल्या बायकोशी बोललो. त्याचं बिल त्यांनी मला पाठवलं. तेवढ्या पैशांत आमच्याकडे एक धडधाकट मेंढी येते. (मेंढी घेतली असती तर निदान ती दहाला दारात हजर राहिली असती. पण ते पुढे येईल.)

आमचं पुएर्तो लाउरेल गाव नदीकाठी आहे. अलीकडे उरुग्वे, पलीकडे आर्जेंटिना. आमचं घर गावाच्या अगदी टोकाला, पुढचं दार रस्त्यावर आणि मागचं नदीवर. त्या वर्षी पलीकडच्यांनी काठावर एक नवा टॉवर उभारला, आणि तेव्हापासून माझा फोन बैठकीत उरुग्वेचा असायचा आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की देश बदलायचा. माझी बायको मिर्ता गावात शिवणकामाचं दुकान चालवते. ती दुकानातून फोन करून विचारायची, "बटाटे शिजले का?" मी झाकण काढून सांगायचो, "अजून कच्चे आहेत." त्या कच्च्या बटाट्यांना परदेशी दर लागत होता.

बिल घेऊन मी तडक कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीत एक मुलगी होती, बावीस-तेवीसची, अत्यंत शांत. रागावलेल्या माणसासमोर शांत बसणं हा माझ्या मते गुन्हा आहे.

"दॉन दार्दो," ती म्हणाली, "सिस्टीममध्ये तुम्ही आर्जेंटिनात दिसताय."

"मी तुझ्यासमोर उभा आहे."

"आत्ताचं नाही म्हणत मी. नोव्हेंबरचं."

"नोव्हेंबरात मी रोज नगरपालिकेत होतो. वाहन परवान्याच्या खिडकीवर. तुझ्या वडिलांच्या परवान्यावर माझी सही आहे."

"असेल. पण फोन तिकडे होता." मग तिने हात पुढे केला. "सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडायचं ठेवलंय, ते बंद करून आपलं निवडायचं. करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे, पैसे पडत नाहीत."

आता 'दोन मिनिटांचं काम आहे' हे वाक्य मी स्वतः खिडकीत बसून रोज चाळीस माणसांना ऐकवतो, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. शिवाय तत्त्वाचा प्रश्न होता. चूक टॉवरची, लूट कंपनीची, आणि सुधारायचं माझ्या फोनने? मी फोन खिशात घातला, काउंटरवर मूठ आपटली (तिथे दोरीला बांधलेलं पेन होतं, ते उडून माझ्याच नाकाला लागलं) आणि निघून आलो.

वेळ मात्र वाईट होती. आमच्या रोमिनाचं लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं. शुक्रवारी सकाळी दहाला नोंदणी कचेरीत विवाह, मग क्लबात जेवण. केकवाला, मांसवाला, मोन्तेविदेओचे व्याही, सगळे मलाच फोन करणार आणि मी नेमका मागच्या अंगणात भट्टीची डागडुजी करत असणार, म्हणजे परदेशात. तेव्हा मी ठरवलं की रोमिंगचा हा खर्च आपण आपल्या अकलेने कमी करायचा. वही घेतली, रेघा मारल्या, रकाने आखले. (सरकारी नोकराला राग आला की तो रकाने आखतो.)

पहिला मार्ग कंपनीचाच होता. 'शेजारधर्म' नावाचं पॅकेज. आगाऊ पैसे भरायचे, मग रोमिंग निम्म्या दरात. म्हणजे ज्याने खिसा कापला त्याच्याकडूनच शिवून घ्यायचा आणि वर दोऱ्याचे पैसे द्यायचे. त्यावर मी इतकी जोरात फुली मारली की कागद फाटला.

मग कोपऱ्यावरच्या दुकानातलं फोन कार्ड. त्याच्या पाठीवरचा लेप नखाने खरवडायचा, आधी कार्डाचा नंबर लावायचा, मग खरवडून निघालेले बारा आकडे, मग ज्याला फोन करायचा त्याचा नंबर. केकवाल्याला फोन लावताना तिसऱ्या खेपेला तो लागला. मी तीन थरांचा केक, मधे दूध आटवलेलं कॅरॅमल, वर मेरांगचा पांढरा फेस, सगळं सविस्तर सांगितलं. पलीकडच्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "छान आहे. पण आपण कोण?" तेवढ्यात कार्ड संपलं.

त्यानंतर इंटरनेटवरून बोलून पाहिलं. त्यासाठी रोइंग क्लबच्या भिंतीला चिकटून उभं राहावं लागे, कारण त्यांचं वायफाय भिंतीबाहेर हातभरच येतं. आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि तोही एक प्रश्न मागे. मी व्याह्यांना विचारलं, "एकंदर किती माणसं येणार?" उत्तर नाही. म्हणून पुढचं विचारलं, "तुमच्यात मांस न खाणारे कितीजण?"

"अडतीस," व्याही म्हणाले.

उरुग्वेत, एका घरात, अडतीस शाकाहारी. मी भिंतीला टेकून खाली बसलो. दोन अख्खी कोकरं मी आदल्याच दिवशी सांगून ठेवली होती. रोमिनाला विचारलं तेव्हा कळलं, की अडतीस हा पहिल्या प्रश्नाचा जवाब होता. तोवर मी मांसवाल्याला एक कोकरू रद्द करायला सांगून मोकळा झालो होतो, आणि ते परत मिळवायला त्याच्या बायकोचा परवाना रांगेशिवाय करून द्यावा लागला.

अशा अवस्थेत मला माझा मेहुणा विल्सन भेटला. विल्सन दर आठवड्याला पलीकडे जातो आणि तिकडून पीठ, साबण आणि शहाणपण घेऊन येतो. पहिल्या दोन्ही गोष्टी स्वस्त असतात.

"तुझा फोन तिकडच्या टॉवरवर चढतो ना?" तो म्हणाला. "मग चढू दे. त्याला आर्जेंटिनाचंच सिम घाल. मग तो परदेशात नाही, माहेरी."

मी त्यात खोट शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. सापडली नाही. विल्सनचं म्हणणं बरोबर निघालं की मला पित्त होतं, पण खर्चाचा रकाना त्याच्याच बाजूने होता. गुरुवारी दुपारी त्याने सिम आणून दिलं आणि मी ते फोनमध्ये घातलं. स्वयंपाकघरात फोन खणखणीत लागला. मी बिल बाहेर काढून त्या कागदाला तोंडावर चार शब्द सुनावले.

फक्त एक अडचण राहिली. आता माझा नंबर आर्जेंटिनाचा झाला होता, त्यामुळे गावातून मला फोन करणाऱ्याला परदेशी दर पडणार होता. म्हणून त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी घरच्यांना नियम सांगितले.

"उद्या कुणीही माझ्याशी फोनवर बोलायचं नाही. मीही उचलणार नाही. एक रिंग दिली तर सगळं ठीक. दोन रिंगा म्हणजे येताना बर्फाची एक पिशवी आण."

मिर्ताने काटा खाली ठेवला. "मुलीच्या लग्नाच्या दिवशी मी तुझ्याशी रिंगा मोजून बोलू?"

"पैसे वाचतात."

"आणि भलतंच काही झालं तर?"

"भलतं होऊ नये म्हणूनच हे आखलंय."

"म्हाताऱ्या, तुला कंपनीचा राग आलाय. तो कंपनीवर काढ. आमच्यावर नको."

रोमिना हसत होती. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "पपा, बाकी तुझं काय ते कर. फक्त दहाला दारात उभा राहा. मला हात धरून तूच आत न्यायचंयस."

"दहाला दहा कमी असतानाच उभा असेन," मी म्हणालो. हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी उन्हाळ्यात आमच्याकडे सरकार घड्याळं तासभर पुढे करायचं. पलीकडे करत नसत. त्यामुळे डिसेंबरात आमच्याकडे दहा वाजले की नदीपलीकडे नऊ. हे नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. माझ्या फोनलाही माहीत होतं, आणि आर्जेंटिनाचं सिम मिळताच त्याने मुकाट्याने आपली वेळ तिकडची करून घेतली होती. फक्त याबद्दल आमचं दोघांचं बोलणं झालं नव्हतं.

शुक्रवारी गजर आठला झाला. मिर्ता आणि रोमिना केस करायला पहाटेच निघून गेल्या होत्या. घरात मी आणि माझी सासू, दोन्या सुल्मा. वय चौऱ्याऐंशी. तिला घेऊन दहाला पोचायचं एवढंच माझं काम. मी स्वयंपाकघरात आलो, माते, म्हणजे आमचा कडू हिरवा चहा, भिजत घातला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून पंधरा मिनिटं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मिर्ता ते घड्याळ नेहमी दहा मिनिटं पुढे ठेवते, कारण मी उशीर करतो असा तिचा समज आहे. पण आज तिने ते चक्क तासभर पुढे केलं होतं. तीस वर्षांच्या संसारानंतर हा विश्वास. मी स्टूल घेतलं, वर चढलो आणि घड्याळ मागे करून बरोबर लावलं.

दोन्या सुल्मा तयार होऊन बसली होती. निळा झगा, मोत्याचे डूल, आणि मनगटावर तिच्या नवऱ्याचं घड्याळ. तो रेल्वेत गार्ड होता.

"दार्दो, साडेनऊ वाजले. निघायचं ना?"

"साडेआठ झालेत, दोन्या सुल्मा."

"माझ्या घड्याळात साडेनऊ आहेत."

म्हणजे मिर्ताने आईचं घड्याळही सोडलं नव्हतं. मी शांतपणे बोलायचं ठरवलं. "तुमच्या मुलीने रात्री ते पुढे केलंय. मला घाई व्हावी म्हणून."

"हे मी झोपताना काढत नाही."

"मग झोपेत केलं असेल."

तिने रेडिओकडे बोट केलं. "रेडिओही साडेनऊ म्हणाला."

"रेडिओवाल्याची बायको मिर्ताकडूनच कपडे शिवून घेते," मी म्हणालो. (इतका राग आलेला असताना माणसाला सगळं जग एका दोऱ्यात ओवलेलं दिसतं.) मी तिच्यासमोर फोन धरला. "हे बघा. ही वेळ थेट टॉवरवरून येते. याला कुणी हात लावू शकत नाही."

"कुठल्या टॉवरवरून?" तिने विचारलं.

हा प्रश्न मी त्या वेळी नीट ऐकायला हवा होता. मी म्हातारपणाची बडबड समजून सोडून दिला. आणि मुद्दाम, केवळ मिर्ताला धडा मिळावा म्हणून, आणखी एक माते प्यायलो, बूट दोनदा पॉलिश केले आणि टाय तीन वेळा बांधला.

फोन वाजायला लागला तो याच सुमारास. मिर्ता. नियमाप्रमाणे मी उचलला नाही, रिंगा मोजल्या. आठ. दोन रिंगांना एक पिशवी, म्हणजे चार पिशव्या बर्फ. पुन्हा फोन. पुन्हा आठ. एवढा बर्फ? तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला तिचा डाव कळला. घड्याळाची युक्ती लागू पडली का, हे बघायला ती फोन करत होती. मग मी फोनचा आवाज बंद केला.

"तिला काहीतरी सांगायचं असेल," दोन्या सुल्मा म्हणाली.

"सांगायचं ते ठरलंय. बर्फ."

"तू माझा जावई नसतास ना, दार्दो, तर मी केव्हाच चालत गेले असते."

"मी जावई आहे म्हणूनच तुम्हाला गाडीतून नेतोय."

गाडी मी पेट्रोल पंपावर थांबवली आणि आठ पिशव्या बर्फ घेतला. चार डिकीत, तीन मागच्या सीटवर आणि एक दोन्या सुल्माच्या पायाशी. तिने पाय वर घेतले आणि चौकापर्यंत ते तसेच ठेवले.

नोंदणी कचेरी गावाच्या चौकात आहे, नदीपासून लांब, चढावर. आम्ही पोचलो तेव्हा फोनमध्ये दहाला पाच कमी होते. दारात माणसं उभी होती, पायऱ्यांवर तांदूळ सांडलेले होते. आधीचं लग्न लांबलं असणार, असं मला वाटलं. मग त्या आधीच्या लग्नातली नवरी दिसली. ती रोमिना होती. शेजारी तिचा नवरा गास्तोन. आणि खांद्यांवर तांदूळ मिरवत, नव्या कोटात, विल्सन.

मी दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या घेऊन पायऱ्या चढलो. इतका राग मला बिल आल्यावरही आला नव्हता.

"हे काय चाललंय? दहाला पाच मिनिटं आहेत. बापाची वाट बघायची पद्धत गेली का या देशातून?"

 न्यायाधीशबाई दप्तर काखेत मारून गाडीकडे निघाल्या होत्या. मी त्यांना अडवलं. "बाई, ठरलेल्या वेळेआधी लग्न लावायचा अधिकार तुम्हाला कोणत्या कलमाने दिला? मीही सरकारी नोकर आहे. नियम मला शिकवू नका."

"सेन्योर, अकरा वाजत आले. मला बाराला दुसऱ्या गावी लग्न आहे."

"तुमच्या घड्याळात वाजत असतील." मी एक पिशवी खाली ठेवली आणि फोन काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "बघा. वाचा. मोठ्याने वाचा."

तेवढ्यात फोन थरथरला. चौकापर्यंत पलीकडचा टॉवर पोचत नाही, म्हणून फोनने आमच्या गावचा धरला. पडद्यावर 'उरुग्वेत आपलं स्वागत' असं आलं आणि त्याखाली दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. मीच सांगितलं होतं.

 पिशवीतलं पाणी माझ्या पॉलिश केलेल्या बुटावर ठिबकत होतं.

मिर्ता खाली जाऊन आपल्या आईला गाडीतून उतरवू लागली.  रोमिना जवळ आली. तिचे डोळे रडून झालेले होते, पण पावडर नीट लावून घेतली होती.

"पपा, मी चाळीस मिनिटं दारात उभी होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला काहीतरी झालं."

ती ओरडली असती तर माझ्याकडे उत्तरं होती. टॉवर होता, कंपनी होती, विल्सन होता.  मी म्हणालो, "मला काही झालेलं नाही, पोरी. मी फक्त मूर्ख आहे." ती हसली, मग पुन्हा रडली, आणि माझ्या गळ्यात पडली. पाठीला बर्फाची पिशवी लागल्यावर दचकून बाजूला झाली.

जेवण चांगलं झालं. कोकरं दोन्ही संपली, बर्फही पुरला. (एवढा बर्फ कुठल्याच लग्नात पाहिला नाही, असं व्याही म्हणाले.) संध्याकाळी रोमिना माझ्यासोबत नाचली. ती लवकर माफ करते. दोन्या सुल्माने अजून केलेलं नाही. सोमवारी जुनं सिम परत घालून मी कंपनीच्या मुलीला फोन दिला. तिने काही न विचारता तो नीट करून दिला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

हे इथेच मिटलं असतं. पण जानेवारीत लग्नाचा दाखला आला. वधूची आई: मिर्ता, हजर. वधूचे वडील: दार्दो बेंतांकुर, परदेशी वास्तव्यास, गैरहजर. साक्षीदार: विल्सन.

"परदेशी वास्तव्यास?" मी मिर्ताला विचारलं. ती मशीनवर झगा शिवत होती, तोंडात टाचण्या होत्या.

"बाईंनी विचारलं, वडील कुठे आहेत. मी अकरा वेळा फोन लावला होता. दर वेळी रेकॉर्डवरची बाई सांगायची, आपण आर्जेंटिनात फोन करत आहात. तेच मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं."

मी दाखला घेऊन नोंदणी कचेरीत गेलो. तिथली निल्दा मला ओळखते, आमच्या खिडक्या एकाच बोळात आहेत. तिने चष्मा लावला आणि कागद उलटसुलट पाहिला.

"दुरुस्तीला वर्ष जाईल, दार्दो. राजधानीत पाठवावं लागतं. त्यापेक्षा सोपं आहे. परदेशातून कायमचा परतलो, असा अर्ज दे. तो इथेच मंजूर होतो."

"मी गेलोच नव्हतो, तर परतू कसा?"

"मग वर्ष थांब."

मी अर्ज भरला. परतण्याचं कारण या ओळीवर बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी 'घरची ओढ' असं लिहिलं. निल्दाने शिक्का उचलला, पण मारला नाही. खाली बोट दाखवलं. तिथे कुटुंबीयांची संमती लागत होती. परतणाऱ्या व्यक्तीस घरात घेण्यास आमची हरकत नाही, असं, सहीसकट.

मिर्ताने तो कागद शेवटपर्यंत वाचला. मग एकेक करून तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

याला आता पाच आठवडे झाले.